पीटीओ बंद, चावी खिशात, मगच पाय खाली

पडीक रान साफ करायचं असो, डाळिंबाच्या दोन ओळींमधलं गवत असो, तुरीच्या तुराट्या असोत नाहीतर बांधाकडेची वेडी बाभूळ, सोलापूर जिल्ह्यात आता ही कामं विळ्या-कुऱ्हाडीनं उरकत नाहीत. माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तरी त्यांच्या मजुरीच्या पैशात ट्रॅक्टर येऊन काम करून जातो. म्हणून ट्रॅक्टरमागं जोडायचा रोटरी कटर गावोगाव पोचलाय. कुणी त्याला स्लॅशर म्हणतं, कुणी नुसतं कटर. उसाचं पाचट बारीक करणारा मल्चर त्याच जातीचा. त्यात आडव्या रोटरवर पुष्कळ छोटी पाती असतात, तर कटरमध्ये पत्र्याच्या झाकणाखाली दोनच मोठी पाती भिंगरतात. धोके बहुतेक सारखेच.

अडचण अशी की कटर दिसायला गरीब आहे. थ्रेशरसारखं त्याचं तोंड उघडं नसतं, रोटाव्हेटरसारखे दात बाहेर दिसत नाहीत. वर झाकण, मधोमध गिअरबॉक्स, बस. त्यामुळं चालवणारा आणि त्याहून जास्त म्हणजे बघायला उभा राहणारा निर्धास्त असतो. त्या झाकणाखाली आणि झाकणाच्या पुढं शाफ्टपाशी नेमकं काय चाललेलं असतं ते एकदा समजून घेतलं, तर कुठली काळजी कशासाठी घ्यायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

शाफ्टचा हिशोब

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला, दोन्ही लिफ्ट आर्मच्या मधे, खाचा असलेला जो आखूड दांडा बाहेर आलेला असतो तो पीटीओ. इंजिनाची ताकद तिथून शाफ्टमधून कटरच्या गिअरबॉक्सला जाते. पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. हा आकडा आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यानं काही वाटत नाही. त्याला साठानं भागा. सेकंदाला ९ फेरे होतात. शाफ्टच्या टोकाला क्रॉस, म्हणजे वाकड्यातही फिरू देणारा सांधा, बसवलेला जाड भाग असतो, त्याची जाडी १० सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात ३१ सेंटिमीटर कापड त्याच्याभोवती गुंडाळलं जातं, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. गळ्यातलं दोन मीटरचं उपरणं पाऊण सेकंदात संपतं. हात मागं घ्यावा असं मनात येऊन हात हलेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. आणि कापड एकदा सापडलं की जोर लावून सुटता येत नाही, कारण पलीकडून चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन ओढत असतं.

म्हणून पीटीओच्या कामाला धोतर, लुंगी, सैल पायजमा, गळ्यात टॉवेल, लोंबता पदर, मोकळी ओढणी यातलं काहीच नको. शर्ट खोचलेला, बाह्यांची बटणं लावलेली, पायात बूट. कानात मोबाइलची वायर लोंबत असेल तर तीही काढून ठेवायची. उन्हासाठी डोक्याला काही बांधायचंच असेल तर त्याची टोकं आत खोचलेली असावीत. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या वर असतो, डोकं उघडं ठेवा असं मी म्हणणार नाही. पण टोपी घालता येते.

शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर येतं. त्याच्या दोन्ही टोकांना बारीक साखळ्या असतात. एक ट्रॅक्टरला अडकवायची, दुसरी कटरला. आतला शाफ्ट फिरतो आणि साखळीनं धरल्यामुळं कव्हर जागेवर राहतं, हे त्याचं काम. इंजिन बंद असताना साखळी सोडून कव्हर हातानं फिरवून बघा. ते शाफ्टभोवती मोकळं फिरलं पाहिजे. माती-भुसा जाऊन ते शाफ्टला चिकटून बसलं असेल तर तेही शाफ्टबरोबर गरगरणार, मग असून नसल्यासारखं. गावाकडं हे कव्हर पहिल्या-दुसऱ्या हंगामात चिरतं आणि काढून टाकलं जातं. त्यावाचून यंत्राचं काही अडत नाही, म्हणून नवं कुणी आणत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या यंत्राच्या सुट्या भागांवर पैसे घालायचे तर सगळ्यात आधी या कव्हरवर घालावेत.

दुसरी गोष्ट त्याहून लहान, पण घात करणारी. शाफ्ट पीटीओवर बसवल्यावर त्याची खिट्टी खाचेत टक्कन बसते. ती झिजली की लोक तिथं खिळा ठोकतात नाहीतर बाइंडिंग तार पिळून बांधतात. शिअर बोल्टच्या जागी मापापेक्षा लांब बोल्ट घालतात, त्याचं टोक बोटभर बाहेर राहतं. गुळगुळीत शाफ्टवरून कापड एखाद वेळेस घसरूनही जाईल, पण बाहेर आलेल्या टोकाला ते हमखास अडकतं. शाफ्टवर बाहेर आलेलं काहीही ठेवायचं नाही, हा नियम मी सगळ्यांत वर मांडेन.

शिअर बोल्टचं काम मोडणं हेच आहे. पातं खडकावर आपटलं की तो बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. वरचेवर तुटतो म्हणून काही जण त्या जागी हाय टेन्साइल बोल्ट घालतात. मग बोल्ट टिकतो आणि धक्का पुढं गिअरबॉक्सवर, क्रॉसवर नाहीतर ट्रॅक्टरच्या पीटीओवर जातो. कंपनीनं सांगितलेल्याच ताकदीचा बोल्ट वापरायचा आणि चार-पाच जास्तीचे टूलबॉक्समध्ये ठेवायचे. काही कटरना शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लच असतो. वर्षभर पावसात उभा राहिला की त्याच्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात आणि तो घसरायचाच बंद होतो. हंगामाच्या सुरुवातीला त्याचे नट पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ढिले करून क्लच मोकळा घसरवून घ्यायचा आणि पुन्हा मापात आवळायचा.

शाफ्टची लांबीही बघावी लागते, विशेषतः कटर एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्यावर गेला तर. शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणारे दोन भाग. ते एकमेकांत निदान एक तृतीयांश तरी शिरलेले असावेत. कमी असतील तर खड्ड्यात गेल्यावर सुटतात, आणि सुटलेलं टोक फिरत्या पीटीओबरोबर चौफेर आपटतं. फार लांब असेल तर कटर उचलताना शाफ्टला दबायला जागाच उरत नाही आणि बेअरिंग फुटतं. म्हणून जोडल्यावर पीटीओ न लावता लिफ्ट अगदी सावकाश वर-खाली करून बघायची.

झाकणाखाली काय चालतं

गिअरबॉक्स शाफ्टचा वेग वाढवतो. मॉडेलप्रमाणे पाती मिनिटाला साधारण ८०० ते १००० फेरे घेतात. पाच फुटी कटर घेऊ. पात्याचं टोक मधल्या अक्षापासून ७५ सेंटिमीटरवर, म्हणजे एका फेऱ्यात ते ४.७ मीटर जातं. मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला १५ होतात. गुणाकार केला की सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. ट्रॅक्टर पुढं रांगत असतो ताशी तीन-चार किलोमीटरनं, आणि त्याच्यामागं पत्र्याखाली हा वेग फिरत असतो. डोळ्याला ट्रॅक्टरचा वेग दिसतो, पात्याचा दिसत नाही, आणि माणूस अंदाज बांधतो तो दिसणाऱ्या वेगावरून.

आता या वेगाच्या वाटेत सुपारीएवढा खडा आला तर? ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला गोफण फिरवलेल्या माणसाला याचं उत्तर ठाऊक आहे. गोफणीतला दगड दोरी सुटताक्षणी ज्या दिशेला असतो त्या दिशेला सरळ सुटतो. कटरचं पातं तेच करतं, फक्त कुठला दगड कधी सुटेल हे त्याच्या हातात नसतं. बाजूचा पत्रा बरेचसे दगड अडवतो, पण पुढून गवत आत यायला आणि मागून बाहेर पडायला जागा ठेवावीच लागते. त्या वाटेनं सुटलेला दगड शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो. शंभर मीटर म्हणजे किती? चौकोनी एकराची एक बाजू सुमारे ६४ मीटर असते. म्हणजे तुम्ही तुमच्या एका एकरात कटर चालवताय आणि शेजारी त्याच्या रानाच्या मध्यावर खुरपतोय, तर तो अजून दगडाच्या टप्प्यातच आहे.

म्हणून कटरच्या पुढं-मागं साखळ्या किंवा जाड रबरी पट्टे लावलेले असतात. गवत दाट असलं की साखळ्या गोळा होतात, काम अडतं, मग चालवणारा त्या वर बांधून टाकतो किंवा कापून काढतो. आपल्याकडं हे करणं फार महागात पडतं, कारण सोलापूरची बरीच जमीन हलकी, मुरमाड आणि खाली काळा पाषाण. नदीकाठची भारी रानं सोडली तर गवतात दगड नाही असं रान शोधून सापडायचं नाही. साखळी तुटली असेल तर नवी लावून मगच काम सुरू करायचं.

पाती बोल्टवर सैल टांगलेली असतात, फिरताना ती बाहेर फेकली जाऊन ताठ होतात आणि टणक काही आलं की मागं वळतात. ही सोय खुंटासाठी आणि एखाद्या दगडासाठी आहे, खडकावर खडक झेलण्यासाठी नाही. वर्कशॉपमध्ये उतरवलेलं एक पातं मी हातात घेऊन बघितलं होतं. टोक बोथट होऊन गोल झालेलं, धारेला दोन खोल खाचे, आणि बोल्टच्या भोकापासून कडेकडं गेलेली केसासारखी चीर. चिखल पुसल्यावरच ती चीर दिसली. त्या चिरेतून पातं तुटलं असतं तर निम्मं पातं ताशी अडीचशेच्या वेगानं कुठंतरी गेलं असतं. त्या पात्याला वेल्डिंग मारून पुन्हा चालवायचा विचार चालला होता. पात्याला वेल्डिंग कधीच नाही. तापवल्यानं पोलादाचं पाणी उतरतं आणि जोडाच्या शेजारी ते ठिसूळ होतं. पाती बदलायची तर जोडीनं बदलायची, बोल्ट-नटासकट. एक जुनं, एक नवं असलं की वजनात फरक पडतो, कटर थरथरतो, आणि थरथरीनं बाकीचे बोल्ट ढिले होतात. धार लावतानाही दोन्हींवरून सारखंच लोखंड घालवा. वस्तऱ्यासारखी धार लागत नाही, दीड मिलिमीटर जाड कड राहिली तरी चालते.

आधी चालून यायचं

कटर लावायच्या आधी रान पायी फिरून बघणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि त्याला पर्याय नाही. गवत गुडघ्याच्या वर असेल तर हातात काठी घेऊन, सापाचंही बघत. शोधायचं काय? सुटे दगड, हद्दीचे दगड, जुन्या बोअरचा केसिंग पाइप, ठिबकचे व्हॉल्व्ह आणि वर राहिलेल्या नळ्या, पडलेल्या कुंपणाची काटेरी तार, द्राक्षबाग काढलेली असेल तर मंडपाच्या तारा आणि अँगल, विजेच्या खांबाची ताण तार, बुजत आलेली विहीर किंवा शेततळ्याचा काठ. उचलता येईल ते उचलायचं, उरलेल्या जागी उंच काठीला रंगीत चिंधी बांधून खूण करायची आणि तिथून पुरेसं अंतर ठेवायचं.

तार आणि ठिबकची नळी यांचं वेगळं सांगायला हवं. दगड निदान एकदाच सुटतो. तार पात्याभोवती गुंडाळते आणि तिचं मोकळं टोक प्रत्येक फेऱ्याला पत्र्याबाहेर चाबकासारखं आपटत राहतं, तुटलेले तुकडे सुटतात ते वेगळेच. नळी गुंडाळली की गिअरबॉक्सखाली घट्ट गोळा होतो, सील कापतं, ऑइल गळतं. आणि मुख्य म्हणजे ती काढायला माणूस खाली उतरतो आणि झाकणाखाली हात घालतो.

माळावर टिटवीची घरटी जमिनीवरच असतात, सशाची पिल्लं गवतात दबून बसतात. चालून येताना तीही दिसतात. तेवढा तुकडा सोडून दिला तर आपलं काही जात नाही.

लिफ्टवर कोण, मडगार्डवर कोण

कटर चालू असताना ट्रॅक्टरवर एकच माणूस, सीटवर. मडगार्डवर बसलेला पोरगा, हिचवर उभा राहिलेला गडी, कटरवर वजन म्हणून बसवलेला माणूस, हे सगळं आपल्याकडं इतकं रोजचं झालंय की त्यात वावगं वाटत नाही. मडगार्डवरून माणूस पडतो तो मागच्या चाकापाशी, आणि चाकाच्या मागं कटर येतोच आहे. कटर गवतावर नीट बसत नसेल तर त्याचं कारण टॉप लिंकमध्ये (कटरला वरून धरणारा दांडा) किंवा स्किडमध्ये (कटर ज्यांवर टेकून सरकतो त्या कडेच्या पट्ट्या) शोधायचं. पुढची कड मागच्यापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर खाली ठेवली की कापणी स्वच्छ होते, माणूस बसवायची वेळ येत नाही.

बघणाऱ्यांचं काय करायचं, हा खरा अवघड भाग. रानाचा मालक येतो आणि कटरच्या मागं-मागं चालत "हिकडं ऱ्हायलं बघ, त्यो कोपरा घे" असं सांगत राहतो. नेमक्या त्या जागी, जिथं दगड सुटतो. ड्रायव्हर भाड्यानं आलेला, मालकाला सांगणार कसं? पण सांगावं लागतं. माझ्या ओळखीचा मोहोळकडचा एक ड्रायव्हर इंजिन बंद करून म्हणतो, "अप्पा, तुम्ही त्या लिंबाखाली जाऊन बसा, तवर मी चालू करत न्हाई. ऱ्हायलेलं समदं शेवटाला दोघं मिळून बघू." वयानं मोठ्या माणसाला एवढ्या मानानं सांगितलं की तो ऐकतो. मेंढरं घेऊन जाणारा, शाळेतून येणारी पोरं, कुत्री, यांच्यापैकी कुणीही टप्प्यात आलं की पीटीओ बंद करायचा आणि ती पुढं जाईपर्यंत थांबायचं.

रस्त्याकडेचं रान असेल तर जास्त जपायचं. दुचाकीवरच्या माणसाला सुटलेला दगड दिसतही नाही. आषाढात नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी या पालखीच्या वाटेवर माणसांचा पूर वाहत असतो, त्या दिवसांत रस्त्यालगत कटर लावूच नये. पंधरा दिवसांनी गवत थोडं वाढेल, एवढंच.

अडकलं तर

या यंत्रानं जाणाऱ्या बोटांचा आणि हातांचा मोठा भाग इथं जातो. कटर अडतो, आवाज बदलतो, धूर येतो. ड्रायव्हर क्लच दाबतो, इंजिन चालूच ठेवतो, उतरतो, वाकून हातानं गवताचा गोळा ओढतो. किंवा उतरताना पाय लिव्हरला लागतो. किंवा सीटवर कुणीतरी चढून बसतो आणि "आता बघू का" म्हणत लिव्हर टाकतो.

याला एकच रीत आहे, आणि ती दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची. थ्रॉटल कमी करा. पीटीओ बंद करा. कटर जमिनीवर टेकवा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक. इंजिन बंद. चावी काढून स्वतःच्या खिशात. मग सीटवरच बसून थांबा, कारण पाती अजून फिरत असतात. एवढं जड लोखंड त्या वेगानं फिरत असताना ताकद काढून घेतली तरी ते लगेच थांबत नाही, अर्धा मिनिट, कधी त्याहूनही जास्त वेळ फिरत राहतं.

थांबलं हे ओळखायचं कसं? इथं एक फसगत आहे. काही कटरना ओव्हररनिंग क्लच असतो, म्हणजे ट्रॅक्टरकडून शाफ्ट थांबला तरी पाती मोकळी फिरत राहतील अशी सोय. अशा यंत्रात ट्रॅक्टरजवळचा शाफ्ट थांबलेला दिसतो आणि आत पाती जोरात फिरत असतात. म्हणून नजर गिअरबॉक्सजवळच्या टोकावर ठेवायची, आणि कानही द्यायचा. सुं सुं आवाज पुरता बंद झाला की मगच पाय खाली.

कटरखाली वाकायचं असेल, पातं बदलायचं असेल, तर तो वर उचलून नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. इंजिन बंद असलं तरी लिव्हर हलला, पाइप फुटला, सील गेलं की कटर खाली येतो. अडीचशे-तीनशे किलोचं लोखंड. दोन्ही बाजूंना लाकडाचे जाड ठोकळे किंवा स्टँड लावायचे. विटा नाहीत, दगडांची चवड नाही, जॅक एकटा नाही. गवताचा गोळा हातानं ओढण्यापेक्षा आकड्यानं किंवा काठीनं काढावा. पातं एका बाजूनं हाललं की दुसरं आपल्याकडं येतं, हे त्या वाकलेल्या अवस्थेत आठवत नाही.

ओव्हररनिंग क्लच कशासाठी हेही इथंच सांगतो. जुन्या, एकाच क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल दाबलं की चाकांचा आणि पीटीओचा, दोघांचाही इंजिनाशी संबंध सुटतो, पण त्या दोघांचा आपसातला राहतो. फिरती पाती उलटी ताकद देऊन चाकांना ढकलतात. ड्रायव्हर क्लच दाबून ब्रेक मारतो आणि ट्रॅक्टर तरी पुढं सरकतच राहतो, बांधावर नाहीतर ओढ्यात. असा ट्रॅक्टर असेल तर ओव्हररनिंग क्लच बसवल्याशिवाय कटर जोडू नये. ड्युअल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. नव्या काही ट्रॅक्टरना पीटीओचा स्वतंत्र लिव्हर असतो. आपल्या ट्रॅक्टरला यातलं काय आहे हे रानात जायच्या आधी माहीत हवं, भाड्याचा ट्रॅक्टर असेल तर विचारून घ्यावं. उलटा फिरणारा पीटीओ असेल तर तो कटरला लावायचा नाही, पातं पाठीनं आपटतं.

चालवताना

पीटीओ लावताना इंजिन कमी वेगात ठेवायचं, पाती फिरायला लागली की हळूहळू ५४० पर्यंत न्यायचं. मीटरवर बहुतेक ट्रॅक्टरना त्याची खूण असते. गवत दाट असेल तर गिअर खालचा घ्या, पीटीओचा वेग तोच ठेवा. पातं जमिनीला घासू द्यायचं नाही, निदान सात-आठ सेंटिमीटर उंची राहू द्या. दगडाळ माळावर आणखी वर. कटर चालू असताना तो फार उंच उचलायचा नाही. वळणावर थोडासा उचलला तर चालतो, जास्त उचलला की शाफ्टचा क्रॉस वाकड्यात जाऊन खडखडतो आणि पाती उघडी पडतात.

कटर उचलला की ट्रॅक्टरचं पुढचं टोक हलकं होतं आणि स्टिअरिंग सैल वाटू लागतं. तसं वाटलं तर पुढं वजनं लावल्याशिवाय रस्त्यावर काढू नये. चढावर तर अजिबात नाही, मागं उलटणारा ट्रॅक्टर सावरायला वेळच देत नाही.

बांध, कालवा, ओढ्याच्या काठाचा एक साधा हिशोब आहे. काठ जितका खोल, निदान तितकं चाक आत ठेवायचं. ओढा दोन मीटर खोल असेल तर काठापासून दोन मीटर. उजनीचं पाणी सुटल्यावर कालव्याची कड भिजलेली असते, तिथं त्याहून जास्त. उरलेलं गवत हातानं काढायचं. ट्रॅक्टरला डोक्यावरची सांगाडा-चौकट असेल तर सीटबेल्ट लावलाच पाहिजे, चौकट नसेल तर बेल्ट लावायचा नाही.

उन्हाळ्यात आगीचं भय मोठं. गिअरबॉक्सवर, सायलेन्सरपाशी वाळलेला भुसा साठतो, पातं दगडावर घासून ठिणगी उडते. शेजारी तोडणीला आलेला ऊस उभा असला तर एका ठिणगीत दोघांचं नुकसान. तासा-दीड तासानं थांबून, वर सांगितलेली सगळी रीत करून, भुसा झाडायचा. ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅन आणि जमलं तर छोटं अग्निशामक ठेवायचं.

घडलंच तर

पहिलं काम इंजिन बंद करणं. सापडलेल्या माणसाला ओढायचं नाही, शाफ्ट उलटा फिरवायचा नाही, कापड कात्रीनं कापायचं. १०८ ला फोन. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरायचं आणि सोडून बघायचं नाही. हातापायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी करकचून बांधायची आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. बोट तुटून पडलं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड बंद, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात. थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून निकामी होतं. हळद, माती, कॉफी पावडर काही लावायचं नाही. कटर लावून एकटा माणूस लांबच्या रानात जात असेल तर घरात गट आणि वाट सांगून जावं, फोन ट्रॅक्टरच्या डब्यात नको, अंगावर असावा.

एक गोष्ट मालकांसाठी. शेतकऱ्याचा अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्याच्या योजनेतून मदत मिळते, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. तासावर ट्रॅक्टर चालवणारा भूमिहीन ड्रायव्हर त्यात बसत नाही. सगळा धोका त्याच्या अंगावर आणि मदतीत तोच नाही, हे मला फार खटकतं. निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना त्याच्या नावानं काढून द्यावी. वय १८ ते ७०, बँकेत खातं, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात किंवा पाय कायमचा गेला तर १ लाख. मुदत १ जून ते ३१ मे. पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, म्हणून मेअखेरीस त्याच्या खात्यात तेवढी शिल्लक आहे ना, हे मालकानं एकदा विचारून घ्यावं.